साडेबारा मीटर पाऊस

"झालं, मावशी. चाललं," म्हणत भाच्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. स्क्रीनवर आकडा होता १२५३०.५. एका आठवड्यातल्या पावसाची रोजची सरासरी, मिलिमीटरमध्ये.

जूनचा तिसरा आठवडा होता. दादरला बहिणीच्या घरी खिडकीतले कपडे आत ओढायची धांदल चालली होती, कारण आभाळ एकदम भरून आलं होतं. मी हातात दमट टॉवेल धरून त्या आकड्याकडे बघत राहिले. साडेबारा हजार मिलिमीटर म्हणजे साडेबारा मीटर. बहीण राहते तिसऱ्या मजल्यावर. एवढा पाऊस पडून साठला असता, तर पहिल्याच दिवशी पाणी तिच्या पंख्याला लागलं असतं. भाचा मात्र फाइल सेव्ह करून चिवड्यातले शेंगदाणे वेचत होता.

चुकण्याचं मला काही वाटत नाही. वीस-बावीस वर्षं मी सॉफ्टवेअरमधल्या चुकांवरच पोट भरते आहे. पण तो आकडा बघून त्याची भुवईसुद्धा हलली नाही, ते मला लागलं.

भाचा नववीत आहे. शनिवार-रविवार कोडिंगच्या क्लासला जातो. तिथले सर प्रोजेक्टरवर पायथॉन या भाषेतला कोड टाइप करतात, मुलं ते बघून आपापल्या लॅपटॉपवर टाइप करतात, आणि तीन महिन्यांनी सर्टिफिकेट मिळतं, जे माझी बहीण फॅमिली ग्रुपवर टाकते आणि आम्ही सगळे अंगठे दाखवतो. शाळेने पावसावर प्रकल्प दिला तेव्हा त्याने सरळ चॅटबॉटला विचारलं. चॅटबॉटने झकास प्रोग्रॅम लिहून दिला. नेटकी फंक्शनं, जागोजागी कॉमेंट, कुणी आकड्याऐवजी अक्षर टाइप केलं तर नम्र सूचना, सगळं काही. मी त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "ही ओळ काढली तर काय होईल?"

"का काढायची?"

"समजा काढली."

"पण चालतंय ना, मावशी!"

चालत होतं, हे खरंच. म्हणून मग मी चॅटबॉट बंद करायला लावला आणि त्याला एक जुना प्रश्न घातला. पावसाचे आकडे एकेक करून विचारायचे. ९९९९९ हा आकडा आला की थांबायचं आणि तोवरच्या आकड्यांची सरासरी सांगायची. बस्स, एवढंच. हा प्रश्न माझा नव्हे. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एलियट सोलोवे आणि त्यांचे सहकारी नवशिक्या विद्यार्थ्यांना तो घालत असत. पाचवीतल्या मुलालाही तोंडी सोडवता येईल असा हा प्रश्न, पण प्रोग्रॅमिंग शिकलेली कॉलेजची मुलं त्यात धडाधड आपटायची. पुढे कितीतरी संशोधकांनी तो वेगवेगळ्या भाषा शिकणाऱ्या मुलांना घालून बघितला. आपल्याकडे पाऊस दरवर्षी नव्याने आपटवतो, त्यामुळे मला हा प्रश्न जरा घरचाच वाटतो.

भाच्याने सात दिवसांचे आकडे मनाने टाकले: ०, १२, ४५, ११८, ६३, ०, ७. बेरीज २४५, सरासरी बरोबर ३५. त्याने आकडा घेतला, तो एकूणमध्ये मिळवला, मोजणी एकने वाढवली आणि मग कुठे तपासलं, की हा ९९९९९ तर नाही ना. म्हणजे 'आता थांब' असं सांगणारी पाटीच पाऊस म्हणून मोजली गेली. आठ दिवस, १००२४४ मिलिमीटर. साडेबारा मीटर.

"मुंबईत एका दिवसात साडेबारा मीटर?" मी विचारलं. तेव्हा तो हसला. मग त्याने मोजणीची ओळ तपासणीच्या खाली नेली, बेरजेची मात्र वरच ठेवली. आता उत्तर आलं १४३२०.५७. पाऊस आणखी वाढला. तिसऱ्या खेपेला त्याने दोन्ही ओळी खाली ओढल्या आणि ३५ आले.

"आता का बरोबर आलं?"

"ते वर होतं ना, तेव्हा चुकत होतं."

हे उत्तर ऐकून मी हसले नाही, कारण हे उत्तर मी स्वतः दिलेलं आहे.

२०००च्या सुमाराला आम्ही सी भाषा शिकलो ती टर्बो सीवर. बोर्लंड कंपनीने १९८७ साली बाजारात आणलेला तो निळ्या स्क्रीनचा कंपायलर, म्हणजे आमचं कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, तोवर जुनाट झालेला होता, पण आपल्या कॉलेजांमधून तो त्यानंतरही कित्येक वर्षं हलला नाही. प्रॅक्टिकल असायचं दोन तास आणि कॉम्प्युटर तीन पोरींत एक. खरा अभ्यास व्हायचा तो जर्नलचा. सीनियरकडून जर्नल मिळवायचं, रात्रभर बसून एका बाजूच्या रेघी पानावर प्रोग्रॅम उतरवायचा आणि समोरच्या कोऱ्या पानावर आउटपुट. हो, आउटपुटसुद्धा हातानेच. कॉम्प्युटरने काय उत्तर दिलं असतं ते आम्ही पेन्सिलीने चौकट आखून लिहायचो. एका सीनियरने गुणाकारात चूक केलेली होती. ती चूक आमच्या बॅचच्या किमान चाळीस जर्नलांत शाईने उतरली आणि चाळिसांवर सह्या झाल्या.

वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक आले होते, पांढऱ्या केसांचे, अगदी हळू बोलणारे. त्यांनी माझं जर्नल उघडलं, प्रोग्रॅमच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे 'गेटच' होतं. आम्ही सगळेच त्याला गेटच म्हणायचो, उच्चार गेट-सीएच असायला हवा हे कुणाच्या गावीही नव्हतं. "ही ओळ काढली तर काय होईल?" त्यांनी विचारलं.

"सर, एरर येईल."

"कसली एरर?"

"सर... ती शेवटी लिहायचीच असते."

एरर येत नाही. ती ओळ फक्त कुणीतरी कळ दाबेपर्यंत वाट बघते. ती नसली तर प्रोग्रॅम नीट चालतो, उत्तर छापतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत निळा स्क्रीन परत येतो, एवढंच. मी शे-दीडशे प्रोग्रॅमांच्या शेवटी ती ओळ लिहिली होती, आरतीच्या शेवटी मंत्रपुष्पांजली म्हणावी तशी. सरांनी काही सुनावलं नाही. मला पासही केलं. पण तो प्रश्न मी त्यांच्याकडून उचलला आणि गेली कित्येक वर्षं इंटरव्ह्यूला येणाऱ्या पोरांना घालते आहे.

या सगळ्यात मला आजोबा आठवतात. आईचे वडील गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवायचे. मी त्यांना काम करताना फक्त एकदा बघितलं, सहा-सात वर्षांची असताना. समोर तिरप्या मांडलेल्या लाकडी पेट्या, त्यांत अगणित खण, कारण देवनागरीला नुसती अक्षरं पुरत नाहीत, जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या, अर्धे-मुर्धे तुकडे, सगळं वेगळं. डाव्या हातात स्टिक, खिळे ओळीने लावायची पट्टी. उजवा हात न बघता खणात जायचा आणि नेमका खिळा उचलायचा. अक्षरं उलटी, आरशातल्यासारखी, आणि आजोबा ती उलटी ओळ आपण सुलटी वाचतो तितक्या सहज वाचायचे.

त्यांनी अख्खे संस्कृत ग्रंथ जुळवले होते. संस्कृत त्यांना येत नव्हतं, शिक्षण चौथी. पण मजकुरात कुठे विसर्ग राहिला असेल तर त्यांचा हात थांबायचा. "अर्थ नाही ठाऊक, पण डोळ्याला खुपतं," असं ते म्हणायचे, आणि बहुतेक वेळा खुपलेलं खरोखरच चुकलेलं निघायचं. मग प्रूफ शास्त्रीबुवांकडे जायचं. शास्त्रीबुवांना खिळ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वाक्य कुठे जाणार आहे हे त्यांना ठाऊक असायचं. वाक्य भलतीकडे गेलं की ते समासात खूण करायचे.

आजोबांना तो मजकूर समजत होता का? नाही म्हणायला जीभ रेटत नाही. हजारो ओळी हाताखालून गेल्यावर बोटांना काहीतरी कळायला लागतं. मला वाटतं, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला माझंही तसंच झालं. लूप, म्हणजे पुन्हापुन्हा चालणारा कोडचा तुकडा, कुठे बंद करायचा ते हाताला कळायला लागलं, का ते डोक्याला नंतर कळलं. लहानपणी पाढे पाठ केले तेव्हा कुठे गुणाकार समजला होता? बे एके बे आधी, समज मागाहून. त्यामुळे पोरं न समजता कोड उतरवतात म्हणून गळा काढणाऱ्यांत मी नाही. उतरवण्यात बोटं तरी झिजतात.

पण न समजण्याचे प्रकार असतात, आणि त्यातला एक मला फार मजेशीर वाटतो. भाच्याने त्या साडेबारा मीटरच्याही आधीच्या एका प्रयत्नात एका व्हेरिएबलला, म्हणजे आकडा ठेवायच्या खणाला, 'सरासरी' असं नाव दिलं होतं. पायथॉनच्या आताच्या आवृत्त्यांत देवनागरीत नावं देता येतात, हे मीच त्याला दाखवलं होतं, तेव्हा गडी खूश. त्याने 'सरासरी'त प्रत्येक आकडा ठेवला आणि शेवटी 'सरासरी' छापली. उत्तर आलं ९९९९९. "पण मी त्याला सांगितलंय ना सरासरी म्हणून," तो म्हणाला.

१९८६ साली रॉय पी या संशोधकाने नवशिक्यांच्या चुकांवर एक निबंध लिहिला. या भाषेतल्या चुका, त्या भाषेतल्या चुका असं न करता त्याने सगळ्यांच्या मुळाशी असलेला एकच समज पकडला: यंत्राच्या आत कुठेतरी एक शहाणा जीव बसलाय आणि आपल्याला काय म्हणायचंय ते तो समजून घेईल. लहान मुलांचं सोडा, मोठेही तेच धरून चालतात. आणि गंमत अशी, की चाळीस वर्षं 'आत कुणी नाही रे बाबा' असं शिकवल्यावर आता आपण पोरांच्या हाती असं यंत्र दिलंय, जे 'तुम्हाला काय म्हणायचंय ते कळलं' असं गोड बोलतं. आता भाच्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

मी त्याला दादर स्टेशन सांगितलं. डिसेंबर २०२३मध्ये मध्य रेल्वेच्या बाजूच्या फलाटांचे नंबर बदलले. पश्चिमेचे एक ते सात तसेच राहिले आणि आमच्या बाजूचा एक नंबर झाला आठ नंबर, पुढचे त्याच्यापुढे. पाट्या बदलल्या, घोषणा बदलल्या. मुलुंडहून येणारी माझी स्लो गाडी होती तिथेच थांबते. "फलाटाला 'चर्चगेट' असं नाव दिलं तर गाडी चर्चगेटला जाईल का?" हे त्याला पटलं. निदान तो पुटपुटला, "मग नाव कशाला देतात?" प्रश्न चांगला होता. नाव माणसासाठी असतं, मशीनला त्याच्याशी काही देणं-घेणं नाही. आईला अजून दादरला आठ नंबर सांगितला तर ती पश्चिमेकडे शोधत बसते, ते वेगळं.

मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी पाच-सहा मुलांना जमवून कासवाचा खेळ घेतला होता. लोगो ही भाषा १९६७ सालची. सेमूर पेपर्ट, वॉली फर्झिग आणि सिंथिया सोलोमन यांनी ती मुलांसाठी घडवली. त्यात पुढे एक कासव आलं. 'पुढे जा', 'उजवीकडे वळ' एवढंच त्याला कळतं आणि ते मागे रेघ काढत जातं. पेपर्टचं म्हणणं, कासव अडलं की मुलाने स्वतः कासव व्हावं आणि चालून बघावं. आम्ही कॉम्प्युटर घेतलाच नाही. खडू घेतला. एक जण कासव, एक जण सूचना देणारा, आणि कासवाने स्वतःची अक्कल अजिबात चालवायची नाही, ही सगळ्यात अवघड अट.

चौकोन सगळ्यांना जमला. चार वेळा पाच पावलं, चार वेळा नव्वद अंश. मग मी म्हटलं, त्रिकोण काढा, तिन्ही बाजू सारख्या. सातवीतली एक मुलगी सूचना देत होती, चुणचुणीत, गणितात पहिली येणारी. "पाच पावलं पुढे. साठ अंश वळ. पाच पावलं पुढे. साठ अंश वळ. पाच पावलं पुढे. साठ अंश वळ." शेवटची सूचना देतानाच तिचा आवाज खाली आला. कासव झालेला तिचा भाऊ निघाला तिथे परत यायच्या ऐवजी पाण्याच्या टाकीजवळ उभा होता. "अगं बाई!" ती म्हणाली. अगदी तिच्या आजीसारखं.

मग ती खडूच्या रेघेवर स्वतः चालली. कोपऱ्यावर आली, थांबली, दोन्ही हात समोर केले आणि हळूहळू वळायला लागली. साठ अंशांवर थांबून म्हणाली, "नाही पुरत." आणखी वळली. "त्रिकोणाच्या आतला कोन साठ आहे, पण मी आतून नाही ना वळत. मी आधी सरळ जायला निघालेली असते." एकशे वीस अंश तिने पायाने शोधले. आणि बाकीच्यांनी साठ अंशांवालं चालणं तसंच पुढे रेटलं, तर सहाव्या वळणाला निघाले तिथे परत पोचले. षटकोन. त्यावर दोन पोरांनी इतका आरडाओरडा केला की खालून जोशीकाकू बघायला आल्या.

त्या मुलीच्या 'अगं बाई'त आणि भाच्याच्या 'झालं, चाललं'मध्ये नेमका काय फरक आहे, याचा मी पुढे बरेच दिवस विचार करत होते. ती काही जास्त हुशार नाही. तिचंही चुकलंच. पण आपला भाऊ कुठे पोचायला हवा हे तिच्या मनात आधीपासून ठरलेलं होतं. तो तिथे नव्हता, म्हणून ती दचकली. भाच्याच्या मनात उत्तराची जागाच रिकामी होती. स्क्रीनवर आलं ते त्याने ठेवून घेतलं, कुरियरवाल्याने दिलेलं पाकीट घ्यावं तसं. कोड समजलं की नाही हे ओळखायची माझी खूण आता एवढीच आहे: रन करण्याआधी तुझ्या मनात काय आहे? अमुक येईल असं वाटत असेल, मग ते चुकीचं का असेना, तर काहीतरी समज आहे. काहीच वाटत नसेल, तर उत्तर बरोबर येऊनही उपयोग नाही.

हे पोरांनाच लागू आहे असंही नाही. मी विम्याच्या सॉफ्टवेअरवर काम करते. आमच्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये वय काढायच्या हिशेबात एक विचित्र ओळ होती, आणि तिच्यावर कुणीतरी कॉमेंट लिहून ठेवली होती: हात लावू नये. लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला. कॉमेंट मात्र देव्हाऱ्यातल्या तांब्यासारखी, का ठेवलाय ते कुणाला माहीत नाही आणि हलवायची कुणाची छाती नाही. एकदा मी ती ओळ काढून बघितली. सगळ्या टेस्ट पास. मी तर विजयी मुद्रेने चहाला गेले. परत आले तर टीममधला सगळ्यात नवा मुलगा विचारतो, "मॅम, २९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांचं काय?" ती ओळ त्यांच्यासाठी होती. एरवी तिचा काही उपयोग नव्हता. तिथे पंधरा माणसं पगार घेत होती आणि ती ओळ समजलेला एकही नव्हता, त्या पोरानेसुद्धा फक्त अंदाज बांधला होता. त्याचा स्वतःचा वाढदिवस २९ फेब्रुवारीला असतो, हे नंतर कळलं.

आणि खरं समजणं म्हणजे तरी कुठपर्यंत? पायथॉनच्या खाली बाइटकोड, त्याच्या खाली प्रोसेसरच्या सूचना, त्याच्या खाली ट्रान्झिस्टर. माझी मजल दुसऱ्या मजल्यापर्यंत. तळमजल्यावर कोण राहतं ते मी ऐकून आहे.

आता चॅटबॉटकडे येते. चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२मध्ये. आमच्या ऑफिसात आता दिवसभर कुठलं ना कुठलं असलं यंत्र कोड लिहीत असतं, मीही वापरते आणि त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. मला ते आजोबांसारखं वाटतं, म्हणजे आजोबांच्या डोळ्यासारखं. अब्जावधी ओळी नजरेखालून गेलेल्या, त्यामुळे कुठे काय खुपेल हे त्याला कळतं. अर्थ कळतो का, यावर विद्वान भांडताहेत, भांडू देत. माझी अडचण निराळी आहे. खिळे जुळवायचं काम यंत्राने घेतलं, तेव्हा माझ्या भाच्याला उठवून आपण थेट शास्त्रीबुवांच्या खुर्चीत बसवलं. हातात लाल पेन्सिल दिली. प्रूफ तपास म्हणालो. आणि पोराला संस्कृत येत नाही.

आम्ही निदान जुळारी होतो. सेमीकोलन राहिला की टर्बो सी तोंडावर पंधरा चुका फेकायचा, त्यातल्या चौदा खोट्या. संध्याकाळी सहाला लॅब बंद होईपर्यंत आम्ही ती एक खरी चूक हुडकायचो, शिव्या घालत. त्या हुडकण्यात, आपल्याला काय अपेक्षित होतं, हे दर वेळी स्वतःला विचारावं लागायचं. कुणी मुद्दाम शिकवलं नाही, रस्त्यावरच्या खड्ड्यांनी कंबर मजबूत व्हावी तसं ते झालं. आता रस्ता गुळगुळीत आहे. खड्डे पाडा असं म्हणण्याइतकी मी दुष्ट नाही, पण भाच्याला व्यायाम कुठे मिळणार, हा प्रश्न राहतोच. म्हणून त्या दिवशी मी नियम घातला. चॅटबॉट वापर, खुशाल वापर. पण एंटर दाबायच्या आधी उत्तर कागदावर लिहायचं. पेन्सिलीने चालेल. आमच्या जर्नलच्या कोऱ्या पानावर आम्ही न चालवलेल्या प्रोग्रॅमचं आउटपुट लिहायचो, तो खोटेपणा होता. त्याला मी तेच करायला सांगत होते, हे माझ्या ध्यानात रात्री परतीच्या गाडीत आलं.

निघण्यापूर्वी त्याला एक शेवटचं गणित घातलं. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्याला त्याच चोवीस तासांत ७३. "मुंबईची सरासरी सांग."

त्याने कागदावर लिहिलं, साधारण ५००. मग प्रोग्रॅममध्ये आकडे घातले. ५०८.५. तो खुशीत आला. अंदाज जमला होता, प्रोग्रॅम बरोबर होता, शेवटचा ९९९९९ बिनबोभाट बाजूला राहिला होता.

"५०८ मिलिमीटर कुठे पडला?" मी विचारलं.

त्या दिवशी मी अंधेरीहून घरी निघाले होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. रात्र एका अनोळखी कुटुंबाच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये आणखी अकरा जणांबरोबर काढली. फोन बंद. आणि फोर्टातला माझा चुलतभाऊ संध्याकाळी खिडकीतून बघून म्हणत होता, एवढ्याशा पावसाला लोकल बंद? दोघंही खरं सांगत होतो. ५०८.५ मात्र आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यावर पडला नाही. भाचा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "म्हणजे प्रोग्रॅम चुकला?"

"तू सांग."

"प्रोग्रॅम बरोबर आहे," तो सावकाश म्हणाला. "सरासरीच काढायला नको होती." आणि एवढं बोलून पुन्हा शेंगदाण्यांकडे वळला.

पुढे एक छोटीशी भर. वेधशाळेचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो, आणि अडीच मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो पावसाळी दिवस धरतात, हे त्याला सांगितल्यावर त्याने प्रोग्रॅम पुन्हा लिहायला घेतला. या वेळी स्वतः. पहिलाच आकडा ९९९९९ टाकला तेव्हा शून्याने भागायची वेळ आली आणि लाल अक्षरांचा सडा पडला. त्याचा फोटो त्याने मला पाठवला, खाली नुसतं "अगं बाई". गच्चीवरची गोष्ट मी त्याला सांगितली होती.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी मी लोकलमध्ये असताना मेसेज आला. "मावशी, आठवड्याची सरासरी ४१ यायला पाहिजे. अजून रन केलं नाहीये, प्रॉमिस."

 कांजूरमार्गला दुसरा मेसेज.

"३६ आली. तू काही सांगू नकोस. मी बघतो."